कॅसेटची मुकी बाजू

आमच्या घरात भांडण असो की भजी, आधी आवाज यायचा तो आईचा. वडखळच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून आमचं गाव. गावात शिरताना पिंपळापाशी आलं की घरात काय चाललंय ते कळायचं. लग्नाआधी ती मिठागरावर कामाला जायची. तिथं भर वाऱ्यात एका टोकाच्या बाईला दुसऱ्या टोकाच्या बाईशी बोलायचं असायचं, त्यामुळे हळू बोलणं ही गोष्टच तिला माहीत नव्हती. तिची धाकटी बहीण काशीमावशी रोह्याला, कुंडलिकेच्या पुलापलीकडे अष्टमी गावात दिलेली. तीही तशीच. दोघी एकत्र आल्या की बाबा पेपर घेऊन मागच्या पडवीत जायचे. ते धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होते, दिवसभर मशीनच्या आवाजात राहायचे, आणि तरी म्हणायचे की कंपनीत जरा शांतता असते.

पण याच दोन आवाजांना आमच्या भागात मान होता. हळदीची गाणी म्हणायला पेणपासून रोह्यापर्यंत कुणाच्याही मांडवात या दोघींना बोलावणं असायचं. आई प्रश्न टाकायची, मावशी उत्तर द्यायची. 'कोन गो बसली पाटावरी?' असं आईनं विचारलं की मावशीनं नवरीचं नाव घ्यायचं. मग 'कुनाची लेक गो?', 'कुनाची भाची गो?', असं करत करत सगळं गणगोत त्या गाण्यात यायचं. ज्या आत्याचं नाव राहील ती रुसायची, म्हणून दोघी आधी चुलीपाशी बसून सगळी नाती विचारून घ्यायच्या. लग्नाचा हंगाम असला की आई आठवडाभर घरी नसायची. आम्ही बापलेक सुका जवळा आणि तांदळाची भाकरी खाऊन दिवस काढायचो, आणि भाकरी मीच करायचे, हे इथं लिहून ठेवते, कारण माझा भाऊ अजून सांगतो की बाबा करायचे.

मग टेपरेकॉर्डर आले. आधी एका मांडवात, मग दुसऱ्या, मग सगळीकडे. मोठे काळे स्पीकर लावायचे आणि सिनेमाची गाणी सोडायची. त्या आवाजापुढे कोण गाणार? एका वर्षी चैत्र निघून गेला तरी आईला बोलावणं नाही. शेजारच्या गावात एका लग्नाला ती पाहुणी म्हणून गेली, पंगतीत जेवली, हात धुतले आणि परत आली. घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, तांदूळ निवडायला घेतले आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. ती शांतता मला सहन होईना. मला तिचा राग यायचा, तिच्या आवाजाची लाज वाटायची, कॉलेजातल्या मैत्रिणींना मी घरी आणत नसे, हे सगळं खरं. पण आई गप्प बसली की घर उठून गेल्यासारखं वाटायचं. हिला पुन्हा मांडवात बसवायचं, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. कसं, ते मला मुळीच माहीत नव्हतं.

वाट दाखवली ती एका जपानी माणसानं. बाबांच्या कंपनीत नवीन मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. कंपनीतल्या लोकांनी त्याला पोपटी खायला शेतात नेलं. मडक्यात शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. तो गडी मांडी घालून बसला आणि सगळ्यांपेक्षा जास्त शेंगा खाऊन उठला, असं बाबा कौतुकानं सांगायचे. जाळ विझेपर्यंत काय करायचं म्हणून त्यानं खिशातून एक छोटीशी सीडी काढली, हाताच्या तळव्यात मावेल एवढी, लांबट पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलेली. पाकिटावर दोन माणसं, काळे गॉगल, हातात गिटार. त्याच्या गावची पोरं होती म्हणे. त्याच्याकडे ऐकायचं छोटं यंत्र होतं, ते त्यानं प्रत्येकाच्या कानाला लावलं. बाबांनी घरी येऊन जेवताना आम्हाला त्या गाण्याची नक्कल करून दाखवली, म्हणजे तोंडानं ड्रम वाजवले आणि पाटावर मूठ आपटली, तेव्हा आमटी सांडली.

पण मला अडकवलं ते बाबांनी पुढं सांगितलं त्यानं. त्या दोघांनी म्हणे एवढं एकच गाणं बाजारात आणलं होतं. आपल्याकडे कॅसेट म्हटली की आठ-दहा गाणी. त्यांच्याकडे एक गाणं घेऊन दुकानात उभं राहतात. ते गाणं आधी कसल्याशा जाहिरातीत वाजलं, मग दुकानादुकानांत, आणि मग सगळ्या देशाच्या तोंडी झालं. आणि त्या सीडीत शेवटी तेच गाणं पुन्हा होतं, पण नुसतं वाजवलेलं, शब्दांशिवाय. ते कशाला, असं बाबांनी विचारलं. तर तो म्हणाला, लोकांना स्वतः गायला. आई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मंग गानाऱ्यांनी काय करायचा? घरी बसायचा?" बाबा पाटावरची आमटी पुसायला लागले. पण माझ्या डोक्यात एकच गाणं, दोन माणसं आणि कॅसेट एवढं पक्कं बसलं.

मी मुळातच हट्टी. काशीमावशीला पटवायला वेळ लागला नाही, तिला कुठलंही धाडस चालायचं. आई नको म्हणाली, मग हो म्हणाली, मग लुगडं कुठलं नेसू विचारलं, तेव्हा मी समजले. रोह्याचा दत्तू बेंजो वाजवायचा, गणपतीत, पालखीत. त्याचा बेंजो वायर लावून असा कडाडायचा की पत्र्याची घरं थरथरायची. एक ढोलकीवाला त्यानंच आणला. पनवेलला एका दुमजली इमारतीत स्टुडिओ होता, तिथं आम्ही सगळे एस.टी.नं गेलो. भिंतींना गोणपाट ठोकलेला, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. स्टुडिओवाला तरुण होता आणि घाईत होता.

आणि तिथं आईचा आवाज बसला. म्हणजे येत होता, पण कोरडा. दोनदा झालं, तीनदा झालं. स्टुडिओवाला घड्याळाकडे बघायला लागला. मावशीनं विचारलं काय होतंय, तर आई म्हणाली, "अगो काशे, नवरी कुठं हाय? भिताडाला हलद लावू का मी?" जन्मात तिनं पाटावर पोर बसल्याशिवाय हे गाणं म्हटलं नव्हतं. गाण्यात नाव घ्यायचं तर कुणाचं घ्यायचं? मावशीनं इकडंतिकडं पाहिलं, मला दंडाला धरलं आणि मायक्रोफोनच्या समोर एका स्टुलावर बसवलं. "ही बघ नवरी," म्हणाली, "आता गा."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात मुलीच्या हळदीला आई गात नाही. गायचं नाही असा नियम नाही, पण तिच्यानं गाववतच नाही, रडू फुटतं. म्हणून तर दुसऱ्या बायकांना बोलावतात. पण तिथं पनवेलला कसली हळद आणि कसलं लग्न. खेळच होता सगळा. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि हसली, आणि तिचा तो मिठागरावरचा आवाज एकदम मोकळा सुटला. 'कोन गो बसली पाटावरी?' मावशीनं उत्तर दिलं, 'शैला बसली पाटावरी.' मग कुनाची लेक, तर बाबांचं नाव. कुनाची भाची, तर मावशीनं स्वतःचंच नाव घातलं. गागोद्याची आत्या आली, सगळे आले. स्टुडिओवाला घड्याळ विसरला. दत्तूच्या बेंजोनं तर अशी काही उसळी घेतली की तो स्वतःच नंतर म्हणाला, परत वाजव म्हटलं तर वाजणार नाही.

परत वाजवायला मीच लावलं. दुसरी बाजू रिकामी होती आणि मला त्या जपान्याची सीडी आठवत होती. नुसतं वाजवा, शब्दांशिवाय, असं मी म्हटलं. स्टुडिओवाला म्हणाला, ताई, अशी मुकी बाजू कोण घेणार? मी म्हटलं, जपानमध्ये घेतात. तो रेकॉर्डिंगच्या बटणाकडे वळला. जपानचं नाव घेतलं की त्या काळी माणसं ऐकत. दत्तू आणि ढोलकीवाला पुन्हा बसले. आई आणि मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि गाणं सुरू झालं की त्यांच्याच्यानं राहवेना, म्हणून दोघींनी पदराचा बोळा तोंडात धरला. ती बाजू जर आज तुम्हाला कुठं मिळाली, तर नीट ऐका. मध्येच कुणीतरी हुंकारतं. ती माझी मावशी.

कव्हरचा फोटो पेणला काढला. मागं पडद्यावर धबधबा आणि पुढं दोघी बहिणी, नऊवारी लुगडी, डोक्यात अबोलीची वेणी. फोटोग्राफरकडे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले दोन गॉगल होते. मावशीनं विचारलं, ते जपानी कसे उभे होते? मी सांगितलं. तिनं गॉगल चढवला. आई म्हणाली लोक काय म्हणतील, आणि दुसरा गॉगल स्वतः लावला. तो फोटो माझ्याकडे आहे. हल्ली नातवंडं म्हणतात, आजी, या कोण? मी सांगते, ही तुमची पणजी, आणि ही तिची बहीण, आणि नीट बघा, दोघी हसत नाहीयेत, कारण मी सांगितलं होतं हसू नका.

कॅसेटी उतरवून दिल्या सॅमसनकाकांनी. पेणच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि कॅसेटचं दुकान. ते ज्यू, म्हणून दुकान शनिवारी बंद. त्यांचे बहुतेक नातेवाईक इस्रायलला गेलेले, हे एकटेच मागं राहिले होते, कारण, ते म्हणायचे, तिथं जवळा मिळत नाही. त्यांनी पहिली कॅसेट दुकानाबाहेरच्या स्पीकरवर लावली. मी मग जपानी पद्धतीनं कामाला लागले. गणपतीच्या कारखान्यांत कॅसेटी दिल्या, कारण तिथं दिवसभर माती मळताना काहीतरी वाजत असायचं. वडखळच्या नाक्यावर सहा आसनी रिक्षावाल्यांना दिल्या. पोह्याच्या गिरणीत दिली, एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये दिली, रोह्याला बाजारात मावशी स्वतः वाटत फिरली. पंधरवड्यात गाणं सगळीकडे झालं. मी पेणला उतरले की एका बाजूनं प्रश्न आणि दुसऱ्या बाजूनं उत्तर.

उत्तरात माझं नाव. याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. भाजीवाल्या विचारायला लागल्या, शैला, हलद कवा गो? बाबांना कंपनीत लोकांनी धरलं, मुलीचं लग्न उरकलं आणि आम्हाला पेढाही नाही. गागोद्याची आत्या तर तणतणत साडी घेऊन दारात आली, की गाण्यात नाव घालता आणि आमंत्रण नाही. मी रिक्षावाल्यांशी भांडले, कॉलेजात एकाच्या पाठीत वही घातली. हे सगळं निभावलं असतं. खरा घोटाळा पुढं होता. गाणं बाजारात वाजत होतं, पण ज्यासाठी केलं त्या मांडवात ते वाजेना. वैशाख अर्धा सरला, लग्नांमागून लग्नं झाली, आणि आई-मावशीची कॅसेट एकाही हळदीला नाही. असं का, ते मला कळत नव्हतं.

ते कळलं मावशीच्या अष्टमीत. मावशीच्या शेजारच्या शेवंतीबाई, त्यांच्या सुरेखाची हळद. शेजार म्हणून आम्हा तिघींना आमंत्रण होतं. दुपार उतरली होती, मांडवात गर्दी, सुरेखा पाटावर येऊन बसली. मावशीनं मोठ्या दिमाखात आपली कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. बेंजो कडाडला, पोरं उठून नाचायला लागली. आईचा प्रश्न आला. मग मावशीचं उत्तर, 'शैला बसली पाटावरी.' नाचणारी पोरं नाचत राहिली, पण बायका थांबल्या. शेवंतीबाई हातातली हळदीची वाटी घेऊन उठल्या आणि त्यांनी टेप बंद केला. रागानं नाही, उलट अवघडून.

"काशे, गाना झ्याक हाय," त्या म्हणाल्या, "पन माज्या पोरीच्या पाटावर दुसरी पोर नको बसवू गो."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हळदीत नाव घेतात ते त्या पोरीला सगळ्यांसमोर ओवाळण्यासाठी; तिथं परक्या मुलीचं नाव कोण खपवून घेईल? मांडवात सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं, मग आईकडं. आई खाली बघत होती. मला तो तांदूळ निवडण्याचा दिवस आठवला. आता ही पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, असं मला वाटलं, आणि मला रडू येण्याऐवजी भयंकर राग आला. कुणावर ते माहीत नाही. मी टेपपाशी गेले, कॅसेट काढली, उलटी केली आणि बटण दाबलं.

बेंजो पुन्हा सुरू झाला. ढोलकी आली. प्रश्नाची जागा आली आणि तशीच रिकामी गेली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चाल पुन्हा फिरून त्याच जागी आली, तेव्हा मावशीच्या अंगातली सवय जागी झाली. प्रश्न आईचा, पण आई गप्प, म्हणून तिनंच तो टाकला, 'कोन गो बसली पाटावरी?' आणि उत्तर दिलं ते आईनं नाही, मावशीनं नाही, सुरेखाच्या म्हाताऱ्या आत्यानं, मांडवाच्या खांबाला टेकून, दात नसलेल्या तोंडानं. 'सुरेखा बसली पाटावरी.' पुढच्या वेळी चार बायका होत्या. त्याच्या पुढच्या वेळी सगळा मांडव. 'कुनाची लेक गो?' म्हटल्यावर शेवंतीबाईंचं नाव असं काही घेतलं की त्या वाटी खाली ठेवून पदरात तोंड लपवून बसल्या. आणि मग आईचा आवाज आला. सगळ्यांच्या वरून, बेंजोच्याही वरून. मी मुद्दाम मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी तिथंच भोकाड पसरलं असतं.

बाजू संपली की आम्ही कॅसेट मागं फिरवायचो आणि पुन्हा लावायचो. कोणाला कुठला मामा, कुठली मावशी आठवेल, ते गाण्यात घालत होते. नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती, तीही बसून गाऊ लागली आणि परत जायचं विसरली. कितीतरी वर्षांत त्या बायका मांडवात गायल्या नव्हत्या. नुसत्या स्पीकरसमोर बसत होत्या. उठताना शेवंतीबाईंनी आईची ओटी भरली.

दुसऱ्या सोमवारी सॅमसनकाकांच्या दुकानात बायकांची रांग. कुणी गाण्याचं नाव घेत नव्हतं, 'मुकी बाजू हाय का?' एवढंच विचारत होतं. वडखळला, रोह्याला, नागोठण्याला, जिथं लग्न तिथं मुकी बाजू. आणि गंमत अशी की मुकी बाजू लावली की ती बोलती करायला कुणीतरी लागतंच, म्हणून आई-मावशीला पुन्हा बोलावणी सुरू झाली, आणि पूर्वी नव्हती तितकी. आता त्यांना 'गॉगलवाल्या बहिणी' म्हणायचे. मावशी खरंच गॉगल लावून जायची. सॅमसनकाकांची भाची लग्नाच्या आधी इस्रायलहून मेंदी लावायला मामाकडे आली, तेव्हा त्यांच्या घरात आई गायली, 'रिबेका बसली पाटावरी', आणि सॅमसनकाका इतके रडले की त्यांना सरबत द्यावं लागलं. तो जपानी इंजिनिअर मायदेशी निघाला तेव्हा बाबांनी त्याला जेवायला आणलं, मावशीही आली होती. वालाचं बिरडं, घावन, तळलेली बोयटं, आमच्या खाडीतली मासळी. आईनं कॅसेट हातात ठेवली. त्यानं कव्हर पाहिलं, गॉगल पाहिले, आणि उठून दोघी बहिणींना कमरेत वाकून नमस्कार केला. आईनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

कॅसेटची पहिली बाजू मात्र मांडवात कुणीच लावत नव्हतं. ती माझ्या नावावर तशीच पडून राहिली.

मग माझं लग्न ठरलं. आमच्या दारात मांडव, रोह्याहून, पेणहून, गागोद्याहून माणसं. मी पाटावर बसले. मुकी बाजू सुरू झाली, प्रश्नाची जागा आली, आणि सगळ्या बायका आईकडं बघायला लागल्या. आमच्या भागात आता तिच्याशिवाय हे गाणं कुणी सुरू करत नसे. आईनं तोंड उघडलं. काही आलं नाही. तिनं परत प्रयत्न केला, मग मावशीकडं पाहिलं, तर मावशी गॉगल काढून डोळे पुसत होती. एवढ्या जणींच्या लेकींची हळद गाजवलेल्या दोघी, आणि माझ्या वेळी मांडव मुका.

बाबा उठले. त्यांनी आयुष्यात कधी त्या टेपरेकॉर्डरला हात लावला नव्हता. त्यांनी कॅसेट काढली, दोन्हीकडून नीट पाहिली, आणि पहिली बाजू लावली. पनवेलच्या त्या गोणपाटाच्या खोलीतला आईचा आवाज मांडवात आला, मोकळा, भरलेला, रडण्याची चाहूलही नसलेला. 'कोन गो बसली पाटावरी?' आणि उत्तर सगळ्या मांडवाला पाठ होतं. एवढी वर्षं बाजारात ऐकलेलं ते नाव त्यांनी असं उचलून धरलं की खाडीपलीकडच्या गावात ऐकू गेलं, असं नंतर लोक सांगत होते. आई दोन्ही हात हळदीत बुडवून माझ्यासमोर बसली. गाणारी म्हणून इतकी लग्नं केली तिनं, पण गाणाऱ्या बाईचे हात हळदीला लागत नाहीत. त्या दिवशी तिचा आवाज तिचं काम करत होता आणि हात रिकामे होते. तिनं माझ्या गालांना, कपाळाला, हातांना, पावलांना हळद लावली, सावकाश, गाणं संपेपर्यंत.

अष्टमीच्या शेवंतीबाई पुढंच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं, मग आईकडं, आणि मान हलवून म्हणाल्या, "आता बसली गो बरोबर पोर पाटावर."